गाठ पाहिली

साहेबांनी ग्लास अर्धाच भरला आणि कंत्राटदारांच्या पुढ्यात ठेवला.

यात कंजूषपणा नव्हता. ऐकणाऱ्याचा हात थरथरतो, भरलेल्या ग्लासातलं पाणी मांडीवर सांडतं आणि मांडी ओली झाली की माणसाला झाल्या प्रकाराहून त्याचीच लाज जास्त वाटते. अर्ध्या ग्लासात माणसाची अब्रू राहते. साहेबांना हे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आयुष्याचा चांगला भलाथोरला तुकडा घालवून त्यांनी ते कमावलं होतं.

खुर्चीही त्यांनीच लावलेली होती. खिंडीतला निवारा म्हणजे दगडाची एक खोली, तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीतून थेट माथा दिसायचा. ज्याला परत पाठवायचं त्याची पाठ खिडकीकडे हवी. हातचं गेलेलं समोर दिसत राहिलं की माणूस वाद घालतो. समोर भिंत असली की विचार करतो.

कंत्राटदार भिंतीकडे बघत बसले होते. अंगावरचं सगळं नवं कोरं, टोपीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. श्वास तेवढा जुना होता, लोहाराच्या भात्यासारखा वाजत होता.

"तुम्ही इथवर आलात," साहेब म्हणाले. "हे सगळ्यांना जमत नाही."

"म्हणजे वर जायचं नाही." कंत्राटदार धंद्यातले होते. कौतुकाने सुरू झालेलं बोलणं कुठे जाऊन पोचतं ते त्यांना ठाऊक होतं.

"आधी पाणी घ्या."

"अहो, बायकोने हॉलची भिंत रिकामी करून ठेवलीय. माथ्यावरचा फोटो लावायला. होतं ते घड्याळ काढून ठेवलंय तिथलं."

साहेबांनी मान हलवली. भिंतीचं, घड्याळाचं, बायकोचं, सगळ्याचंच दुःख त्यांच्या चेहऱ्यावर योग्य प्रमाणात उमटलं. मग ते थोडे पुढे झुकले. आता दुसरं वाक्य यायचं होतं. सगळ्या बोलण्यात हे वाक्य सर्वांत नाजूक. ते डोळ्यांत बघून म्हणायचं असतं आणि म्हणून झाल्यावर थोडा वेळ नजर हलवायची नसते.

"दोष तुमचा नाही," साहेब म्हणाले.

कंत्राटदारांचे डोळे भरून आले. नेमक्या त्याच क्षणी बाहेरून उस्तादांचा आवाज आला.

"पाहिली?"

साहेबांनी नजर हलवली नाही. खुर्चीतूनच, मान न वळवता, बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात ते म्हणाले, "पाहिली."

उस्ताद या डोंगरावरचे सगळ्यांत जुने गाइड, आणि गाठीचा नियम त्यांचाच होता. एकाने दोरी बांधायची, दुसऱ्याने जवळ जाऊन गाठ हाताने ओढून बघायची आणि मोठ्याने म्हणायचं, पाहिली. बांधणारा कितीही मोठा असो, बघणारा कितीही नवखा असो. न ओढता कुणी पाहिली म्हटलं, तर उस्ताद त्याला पुन्हा दोरीला हात लावू देत नसत. तसे दोघे-तिघे आता खाली गावात हॉटेलं चालवत होते आणि बरे चालले होते.

कंत्राटदारांनी ग्लास उचलला. हात थरथरला. पाणी सांडलं नाही.

साहेबांना साहेब म्हणायचं कारण असं, की कारखान्यात त्यांना नारळसाहेब म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कँटीनमध्ये ते शिरले की टेबलं शांत व्हायची आणि ज्याच्याशेजारी ते बसत तो जेवण अर्धं टाकून उठायचा. लोकांच्या हातात नारळ देणं एवढंच त्यांचं काम होतं आणि ते इतकं हळुवार करत, की गेलेली माणसं नव्या वर्षाला त्यांना शुभेच्छा पाठवत. मग एकदा स्टोअरमधल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायला, आभार मानले आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन ग्लास विसळला. नीट विसळून, पुसून, जागेवर उपडा ठेवला आणि गेला. साहेब बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत बसले. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. त्यांचा राजीनामा घ्यायला त्यांच्याइतकं कसबी कुणी नव्हतं, त्यामुळे तो टपालाने स्वीकारण्यात आला.

"आता काय करणार?" बायकोने विचारलं होतं.

"डोंगरात गाइड होणार."

बायको भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही. "पन्नाशीला लोक गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. तू डोंगराला दाखवायला निघालास."

"तिथे कुणाला काढून टाकावं लागत नाही."

"नाही कसं? डोंगर टाकतो की."

पण तिने अडवलं नाही. बूट मोठे घे, मोजे दोन घालावे लागतील, एवढंच म्हणाली.

साहेब शिकले. मनापासून शिकले. दोरी शिकले, बर्फ शिकले, ढग ओळखायला शिकले. सगळं उस्तादांकडून. उस्ताद त्यांना 'साहेब' म्हणत आणि अरे-तुरे करत. दोन्ही एकाच वाक्यात बसवायचं कौशल्य त्यांच्यापाशी होतं. "साहेब, गधड्या, पाय आधी ठेव आणि विचार मागून कर." कारखान्यात इतक्या वर्षांत साहेबांना कुणी गधड्या म्हटलं नव्हतं. त्यांना ते औषधासारखं लागू पडलं.

मग एकदा एका पाहुण्याला खिंडीतून परत पाठवायची वेळ आली. उस्तादांची पद्धत म्हणजे, "उतर, नाहीतर मरशील." ऐकणारा भांडायचा, खाली जाऊन पाहुण्यांना डोंगरावर आणणाऱ्या कंपनीच्या नावाने शंख करायचा. त्या दिवशी साहेब जवळ होते. त्यांच्या नकळत त्यांच्या हाताने एक ग्लास घेतला आणि अर्धा भरला. परत गेलेल्या त्या पाहुण्याने कंपनीला आभाराचं पत्र धाडलं. कंपनीच्या मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि साहेबांची नेमणूक खिंडीतल्या निवाऱ्यात केली. कायमची.

अशा रीतीने साहेब डोंगरात आले आणि आपल्या जुन्याच खुर्चीसमोर जाऊन बसले. फरक एवढाच, की इथे थंडी होती.

वरच्या धारेवर, माथ्यापर्यंत, पाहुण्यांना नेण्याचं काम मात्र त्यांना अजून मिळालं नव्हतं. ते उस्तादांच्या शब्दावर होतं. या हंगामाच्या सुरुवातीला उस्ताद म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तू वर. मी बाईंना सांगतो." त्या रात्री साहेबांनी बायकोला फोन करून ही बातमी सांगितली. बायको म्हणाली, "बघ बाबा. मोजे आहेत ना?" आणि तिचा आवाज जरा ओला होता.

त्याच आठवड्यात साहेबांना किटलीची गोष्ट कळली.

उस्ताद चुलीवरची उकळती किटली फडकं न घेता उचलत. पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक. त्या दृश्याचे फोटो कंपनीच्या भिंतीवर होते. साहेब एकदा अगदी शेजारी उभे होते आणि त्यांना कातडी जळल्याचा वास आला. उस्तादांनी किटली ठेवली, बोटं पाहिली आणि खिशात घातली. चेहऱ्यावर काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या थंडीने बोटं आतून मेली होती. त्यांना ना किटली कळत होती, ना दोरी. गाठ ते सवयीने बांधत, आणि सवय कधी कधी शेवटचा वेढा विसरत होती.

साहेबांनी ते एका सकाळी पाहिलं. गाठ ओढली, ती हलली. ते "पाहिली" म्हणाले आणि मग पाहुण्याचा कमरपट्टा सारखा करण्याचं निमित्त करून वाकले आणि शेवटचा वेढा घालून दोरी आवळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. मग तो रिवाजच पडला. उस्ताद बांधायचे, साहेब पाहिली म्हणायचे आणि वाकायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. म्हाताऱ्याचा मान राहत होता. पुढच्या वर्षीचा शब्दही राहत होता. पण ही गोष्ट साहेबांनी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलून दाखवली नव्हती.

आज वाकायचं राहिलं होतं.

"डोंगर काही कुठे जात नाही," साहेबांनी तिसरं वाक्य म्हटलं. ते नेहमीपेक्षा घाईत निघालं. कंत्राटदारांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. वर चढू न दिल्याबद्दल ते साहेबांचे आभार मानू लागले. आभार लांबत गेले, त्यात एक धाकटा मेहुणा आला, एक ऑपरेशन आलं, एक पडलेली स्लॅब आली. साहेबांनी हात सोडवून घेतला आणि ते दाराबाहेर आले तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. बर्फावरच्या पावलांच्या दोन ओळी पहिल्या उंचवट्यापर्यंत जात होत्या आणि त्यामागे दिसेनाशा होत होत्या.

एक ओळ उस्तादांची आणि दुसरी केमिस्टबाईंची. केमिस्टबाई म्हणजे औषधांच्या दुकानातल्या बैठ्या आयुष्याचा कंटाळा येऊन आलेल्या, बारीक अंगाच्या, हसतमुख. गाठ त्यांच्या कमरेला होती.

साहेब आत आले. वॉकीटॉकी खिळ्याला लटकत होता. त्यांनी तो हातात घेतला.

सांगायचं इतकंच होतं, की थांबा, बाईंची गाठ बघा. पण खाली ऑफिसात मालकीणबाईंच्या टेबलावरही असाच एक वॉकीटॉकी दिवसभर चालू असायचा. गाठ बघा म्हटलं की मालकीणबाई विचारणार, का? मग उस्तादांची बोटं निघणार. बोटं निघाली की किटली निघणार, किटलीमागून हंगामभराचं वाकणं. एका वाक्याला धरून केवढं काय काय बाहेर येणार होतं.

साहेबांनी बटण दाबलं.

"उस्ताद, वर हवा कशी आहे?"

खरखर झाली. "हवा बरी आहे."

"बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी वॉकीटॉकी खिळ्याला लावला.

पुढचे तास त्यांनी खिडकीशी काढले. कंत्राटदार मागे बिस्किटं खात होते आणि आपल्याला आता किती मोकळं वाटतंय ते सांगत होते. वरच्या धारेच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं. उस्ताद पाहुण्यांना म्हणत, इथून उजवीकडे पडाल तर दुपारी पोचाल आणि डावीकडे पडाल तर संध्याकाळी. पाहुणे हसत. साहेबही हसत आले होते. धारेवर दोन ठिपके सरकत होते. ढग आला, ठिपके गेले. ढग गेला, पुन्हा दोन ठिपके. साहेब दर खेपेला मोजत. दोनच तर होते, तरी मोजत.

दुपारी दोघं परत आली. आधी केमिस्टबाई आत आल्या. गालांवर थंडीने लाली चढलेली, आणि बोलायची घाई.

"अहो, काय गंमत झाली सांगू का? माथ्यावर बसलो होतो. मी चॉकलेट काढायला हात घातला, तर मांडीवर दोरीचं टोक. सुटं. मी त्यांना म्हटलं, उस्ताद, हे तुमचं पडलंय बहुतेक."

कंत्राटदार मोठ्याने हसले. केमिस्टबाईही हसल्या. धार त्यांनी दोरीशिवाय ओलांडली होती हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं आणि घरी पोचेपर्यंत येणारही नव्हतं.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, त्यांनी परत बांधली. चांगली तीनदा बांधली. उतरताना हातही धरला. किती काळजी घेतात हो." बाईंनी हात पुढे केला. मनगटावर बोटांचे वळ होते, चांगलेच खोल. धरणाऱ्याला आपण किती जोराने धरलंय ते कळत नसावं.

उस्ताद दारात उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी साहेबांकडे पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने खालचा गाइड येऊन दोघा पाहुण्यांना घेऊन गेला. कंत्राटदारांनी जाताना साहेबांना मिठी मारली. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली. निवारा झाकून, चूल विझवून उस्ताद आणि साहेबांनी मागाहून उतरायचं होतं.

साहेब चुलीकडे वळले.

"राहू दे ते," उस्ताद म्हणाले. "बस."

त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्ची सकाळी होती तिथेच होती, पाठ खिडकीकडे करून. साहेब बसले. मागे पाण्याचा आवाज झाला. मग उस्ताद समोर आले आणि त्यांनी ग्लास ठेवला.

ग्लास अर्धा भरलेला होता.

साहेब ग्लासाकडे बघत राहिले. उस्ताद समोरच्या फळकुटावर बसले. त्यांनी घसा साफ केला. भाषण करायची सवय नसलेल्या माणसासारखे ते अवघडले होते.

"साहेब, तू इथवर आलास," ते म्हणाले. "हे सगळ्यांना जमत नाही."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं.

"तुझं दुसरं वाक्य काय असतं रे?"

"दोष तुमचा नाही."

"हां. ते." उस्तादांनी क्षणभर विचार केला. "ते आपण सोडून देऊ."

बाहेर वारा सुटला होता. दाराची कडी वाजत होती.

"बोटांचं कधी कळलं तुला?"

"किटलीवरून."

"म्हणजे हंगाम सुरू झाला तेव्हाच."

"हो."

"आणि रोज वाकून आवळत होतास."

साहेबांनी वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"बोटं मेलीत. डोळे आहेत." उस्तादांनी हात मांडीवर उलटे ठेवले. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे काळे डाग होते. "म्हटलं, आज बोलेल. मग म्हटलं, उद्या बोलेल. लोकांना परत पाठवण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. रोज बघत होतो मी. म्हटलं, या माणसाने मला या खुर्चीत बसवलं की उठून खाली जायचं. वाद घालायचा नाही."

"तुम्ही स्वतः का नाही…"

"मग माझा ग्लास कोण भरणार?" उस्ताद म्हणाले. त्यात चेष्टा थोडीच होती. "भ्यालो, म्हण. तूही भ्यालास. दोघे भित्रे आणि मधे ती बाई. चॉकलेट खात."

साहेबांनी ग्लासाला हात लावला आणि काढून घेतला.

"मी तुमचा मान राखत होतो," ते म्हणाले.

"माझा?" उस्तादांनी विचारलं. मग त्यांनी बोटं खिशात घातली.

"खाली गेलो की मी मालकीणबाईंना सांगणार," शेवटी उस्ताद म्हणाले. "माझं सांगेन. आणि तुझंही."

"माझं काय?"

"याच्या हातात दोरी द्यायची नाही. खुर्ची द्या हवी तर." ते उठले. "हवा विचारत होता मला. हवा."

साहेबांनी ग्लास उचलला. पाणी प्यायले. सांडलं नाही, अर्ध्या ग्लासाचा हिशोब बरोबर होता. मग ते उठले, कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेले, ग्लास विसळला, पुसला आणि फळीवर उपडा ठेवला. ठेवून झाल्यावर त्यांचा हात तिथेच राहिला. आपण हे कुणाचं बघून शिकलो ते त्यांना आठवलं असावं. उस्ताद दाराशी थांबले होते. त्यांनी घाई केली नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं आणि खालची वाट निळी पडू लागली होती. उस्तादांनी दोरी मोकळी केली. एक टोक साहेबांनी आपल्या कमरेला बांधलं. दुसरं उस्तादांनी घेतलं आणि नेहमीसारखी, न बघता, भराभर स्वतःच्या कमरेला गाठ मारली. हात खाली सोडले.

"पाहिली?"

साहेब जवळ गेले. त्यांनी हातमोजा काढला आणि गाठ धरून ओढली. ती हलली, मग सरकली आणि अख्खी उलगडून त्यांच्या हातात आली.

"नाही," साहेब म्हणाले.

"मोठ्याने."

खिंडीत ऐकायला कुणी नव्हतं. साहेबांनी श्वास घेतला.

"नाही. ही सुटते."

उस्तादांनी मान डोलावली. खूप दिवस दुखणारी जागा डॉक्टरला अखेर सापडावी तशी.

"एवढंच होतं," ते म्हणाले आणि साहेबांना दोरीचं टोक बांधता यावं म्हणून त्यांनी दोन्ही हात बाजूला घेतले.